पिळाचं लाकूड

"आणलंस ना? आता परत ने," उर्शुला म्हणाली. "माझ्या अंगणात ते लाकूड राहायचं नाही."

"परत नेऊ म्हणजे काय? बर्फावरून वर ढकलू?" ब्लाझ दोराची गाठ सोडत होता. त्याने मान वर केली नाही. "घसरगाडी खाली येते. वर जात नाही."

"मग ओढ्यात टाक. नाहीतर पोल्देला दे, त्याच्या चुलीत जाईल."

शेजारचा पोल्दे स्वतःच्या घोड्याचा नाल जन्मात पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा वाकून उभा होता. आपलं नाव निघालं तसा तो म्हणाला, "मला नको गं बाई. घरात धुमसत राहायला माझी बायको आहे, तेवढी पुरे."

कुणी हसलं नाही. एरवी पोल्देच्या असल्या बोलण्यावर सून रेझिका तरी हसायची. ती गोठ्याच्या दारात दुधाची बादली घेऊन उभी होती. डोक्याला काळा रुमाल. ओंडक्यांकडे ती बघत नव्हती, बादलीतल्या फेसाकडे बघत होती.

"खोपीचं छप्पर आणखी एक उन्हाळा काढणार नाही," ब्लाझ म्हणाला. "दुधाच्या घमेल्यात गळतंय म्हणून गेल्या उन्हाळ्यात तूच ओरडत होतीस."

"गेल्या उन्हाळ्यात मला मुलगा होता."

ब्लाझचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. "लाकडाचा काय दोष?" तो हळूच म्हणाला.

"लाकडाचा नाहीच. तुझ्या त्या चंद्राचा आहे. त्यालाच सांग आता छपराची लाकडी कौलं फोडायला. जेवायलाही तोच वाढेल."

ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. खिडकीतून तिला दिसत राहिलं: दोघा म्हाताऱ्यांनी ओंडके एकेक करून खाली लोटले, शेडच्या भिंतीला लावले. पोल्देने खांद्यावर हात ठेवला तेव्हा ब्लाझने तो झटकला नाही, पण त्याच्याकडे पाहिलंही नाही. सगळ्यात जाडा, बुंध्याकडचा ओंडका त्याने मुद्दाम फिरवून ठेवला, एक बाजू भिंतीकडे करून. उर्शुलाला ते दिसलं. त्या वेळी तिला त्यात काही वाटलं नाही.

गावाच्या वर, डोंगराच्या सपाट माथ्यावर कुरण होतं. उन्हाळ्यात प्रत्येक घरातलं कुणीतरी गाई घेऊन तिथं राहायचं. ब्लाझचं सगळं नाव त्या कुरणावरच होतं. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात सैनिकांनी तिथल्या खोपी जाळल्या. पुढच्या उन्हाळ्यात माणसं वर गेली तर गवतात नुसते चुलींचे दगड. त्याच सुमाराला ब्लाझ कैद्यांच्या छावणीतून परत आला होता, बरगड्या मोजता येतील असा. त्याने बापाची कुऱ्हाड शोधून काढली आणि पहिली खोप उभी केली ती स्वतःची नव्हे, एका विधवेची. त्यानंतर निम्म्याहून जास्त खोपी त्याच्याच हातच्या. सगळ्या जुन्या पद्धतीच्या: गोलसर, बिनखिडकीच्या, छप्पर थेट जमिनीपर्यंत उतरलेलं, उपड्या टोपलीसारखं. मधोमध माणसांची खोली, तिच्याभोवती कडं करून गाई. चुलीला धुराडं नाही. धूर आपला कौलांच्या फटींतून वाट काढत जातो, आणि त्या धुरानेच लाकडी कौलं किडीपासून वाचतात. ज्या खोपीत उन्हाळाभर चूल पेटत नाही तिचं छप्पर आधी जातं.

उर्शुला लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, हा माणूस बोलत का नाही? मग कळलं की तो झाडांशी बोलून दमलेला असतो. हे ती थट्टेने सांगायची. पण ते तसं खोटं नव्हतं. प्रत्येक घराकडे उतारावर स्प्रूसच्या सूचीपर्णी झाडांचा एक पट्टा असायचा, खोपीच्या छपरासाठी राखलेला. एका पिढीने एका छपरापुरती झाडं घ्यायची आणि बुंध्याशेजारी रोप लावायचं. जे झाड तोडायचं ते लावणाऱ्या माणसाला तोडणाऱ्याने कधी पाहिलेलं नसायचं. त्यामुळे ब्लाझ पट्ट्यात शिरताना टोपी काढायचा.

सगळं झाड कौलांना चालत नाही. काहींच्या आत पीळ असतो. वरून खोड सरळसोट, पण आतला तंतू दोरासारखा फिरत गेलेला. तसल्या लाकडाची फळी उन्हात एका अंगाने उचलते, पावसात दुसऱ्या, आणि छप्पर चाळण होतं. म्हणून तोडण्याआधी माणसं छातीच्या उंचीवर खाच मारून खोडातून एक ढलपी काढतात आणि चिरून बघतात. सरळ चिरली तर झाड पाडायचं. नाही चिरली तर खाचेवर राळ लिंपून झाड तसंच सोडायचं. ते जखम घेऊन आणखी शंभर वर्षं उभं राहतं.

ब्लाझ ढलपी काढत नसे. तळवा खोडावर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचा, हे चालेल, हे नाही. लोक हे कौतुकाने सांगत. "आमचा ब्लाझ झाडाला ओरखडाही काढत नाही," असं पोल्दे परगावच्या माणसांना स्वतःच्याच मालकीचं असल्यासारखं सांगायचा.

त्यांचा मुलगा लोव्रो गेला तो नाताळच्या आधी. झाड उतरत्या चंद्रात पाडायचं, नाताळच्या आधीच्या उतरत्या चंद्रात पाडलेलं लाकूड वाळवी धरत नाही, हा नेम. त्या वर्षी बर्फ लवकर आला, गाय व्यायली, दिवस निघून गेले आणि शेवटचा एकच उरला. दुपारपासून वारा सुटला होता. उर्शुला दारात उभी राहून म्हणाली होती, "उद्या जा." ब्लाझ म्हणाला, "उद्या अमावास्या होऊन चंद्र चढतीला लागतो." लोव्रो आईकडे बघून डोळे मिचकावत म्हणाला, "आई, यांनी आपलं लग्नसुद्धा चंद्राला विचारून केलं असणार." ही त्याची शेवटची थट्टा. संध्याकाळी त्याला घसरगाडीवरून घरी आणलं.

"झाड फिरलं," एवढंच ब्लाझने सांगितलं. पडता पडता बुंध्यावर गिरकी घेऊन दुसरीकडेच पडलं. गावाने म्हटलं वारा. पाद्रीबाबाने थडग्याशी म्हटलं वारा. उर्शुलाही वाऱ्यालाच शिव्या देत राहिली, आणि चंद्राला, आणि त्या हट्टी म्हाताऱ्याला.

ओंडके आल्यावर दोन दिवसांनी शेडमधून मोगरीचा आवाज सुरू झाला.

उर्शुला तिकडे गेली नाही. पण आवाज ऐकल्यावाचून कसं राहणार? सगळं आयुष्य तिने तो ऐकला होता. हिवाळा सरताना ब्लाझ ओंडक्याच्या तुकड्यावर लांब पातं ठेवायचा, त्यावर लाकडी मोगरी हाणायचा, की कापड फाडावं तसा एक लांब, स्वच्छ आवाज यायचा. तो आला की ती मनात म्हणायची, एक कौल झालं. लोव्रो पोटात होता तेव्हा ती खाटेवर पडून तेच ऐकायची.

आता येत होता तो वेगळा. मोगरीचे ठोके जास्त. फाटण्याच्या जागी कुरकुर, मग कडाडून मोडल्यासारखं काहीतरी, मग बराच वेळ शांतता. तिसऱ्या दिवशी ब्लाझने शेडचं दार आतून लावून घेतलं.

"दार कशाला लावतोस?" तिने जेवताना विचारलं.

"वारा येतो."

"या घरात सगळं वाराच करतो," ती म्हणाली.

रेझिकाने बशीवरून मान वर केली नाही. हल्ली ती जेवताना अशीच बसायची, पाहुण्यासारखी, खुर्चीच्या कडेवर. तिच्या मनात काय आहे ते उर्शुलाला माहीत होतं. चर्चबाहेर रेझिकाच्या भावाने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, खाली शहरात सूतगिरणीत मुली घेताहेत, माझ्याकडे खोली आहे. रेझिकाने हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. उन्हाळ्यात गाई घेऊन वर कोण जाणार, हा प्रश्न होता. इतकी वर्षं ती आणि लोव्रो जायचे. लग्नाच्या आधीच्या उन्हाळ्यात लोव्रोने खोपीच्या धुरात बसून चीजचे दोन जोडगोळे केले होते, त्यांच्यावर लाकडी ठशाने एकच नक्षी उठवली होती. रिवाजाप्रमाणे एक तिला दिला आणि एक स्वतःजवळ ठेवला. आता दोन्ही रेझिकाच्या पेटीत शेजारी शेजारी होते. दगडासारखे वाळलेले.

ती जाते म्हटली असती तर उर्शुला भांडली असती. जात नाही म्हटली असती तरी भांडलीच असती.

एका सकाळी उर्शुला कुट्टूच्या पिठाची उकड करत होती. चूल मंदावली म्हणून तिने ढलप्यांच्या टोपलीत हात घातला. रेझिकाने शेडबाहेरच्या ढिगातून ती भरून आणली होती. हाताला सपाट, पातळ असं काही लागलं. बाहेर काढून पाहिलं तर कौल होतं. पूर्ण कौल, मोडकं नाही. एवढं काम करून ते चुलीत का टाकायचं?

तिने ते ताट ठेवल्यासारखं टेबलावर ठेवलं. ते डुगडुगलं.

तिने एका कोपऱ्यावर बोट दाबलं. समोरचा कोपरा उचलला. तो दाबला तर हा उचलला. कौल टेबलावर चारी कोपरे टेकून बसेना. भांड्यात उकड फदफदत होती आणि ती उभी राहून लहान मुलाच्या खेळण्यासारखं ते कौल इकडून तिकडे डोलवत होती.

"आई, करपतंय," रेझिका म्हणाली.

"करपू दे. असली आणखी आहेत का ढिगात?"

"बरीच आहेत. मला वाटलं, बाबा नको असलेली टाकतात."

"कधीपासून?"

"सुरुवातीपासून," रेझिका म्हणाली. मग टेबलाकडे बघून तिने हात पुसले. ती धनगराची लेक होती, तिलाही कळत होतं. "आई... म्हणजे ते सगळंच लाकूड?"

उर्शुलाने भांडं चुलीवरून उतरवलं, शाल घेतली आणि अंगण ओलांडलं.

शेडचं दार तिने ठोठावलं नाही. कडी कुठून सरकते ते तिला माहीत होतं. फटीतून चमच्याची दांडी घातली की झालं. आत ब्लाझ लाकूड तासायच्या बाकावर, घोडीवर बसला होता, पायाने फळी दाबून धरलेली, दोन्ही हातांत तासायची सुरी. तो पिळाचं कौल तासून सपाट करत होता. पायाशी कुरळ्या छिलक्यांचा ढीग. भिंतीला तासलेली कौलं रचलेली, वरून बघायला अगदी चांगली.

उर्शुलाने त्यातलं एक उचललं. तंतू मध्येच तुटलेला, कडेला उघडा पडलेला. पाणी त्यात शिरायला दोन हिवाळे पुरे. सूतगिरणीच्या मालकाने एकदा सुट्टीसाठी खोप बांधायला सांगितली आणि करवतीने कापलेली कौलं पाठवली, तेव्हा याच माणसाने ती गाडी परत पाठवली होती. लाकूड चिरायचं असतं, कापायचं नसतं म्हणून.

"हे तू आपल्या छपरावर घालणार होतास?"

ब्लाझने सुरी खाली ठेवली नाही. "वरच्या बाजूला. जिथं पाऊस कमी लागतो."

"ब्लाझ, पाऊस वरूनच पडतो."

त्याने सुरी पुन्हा फळीला लावली.

"पोल्देकडे मागायचं. सगळ्यांच्या माळ्यावर दुरुस्तीची कौलं असतात. तू सगळ्या गावाच्या खोपी उभ्या केल्यास, कोण नाही म्हणेल?"

"मागितलं तर विचारतील, तुझ्या लाकडाचं काय झालं."

"मग सांगायचं. पिळाचं निघालं. निघतं कधी कधी. हात चुकतो."

ब्लाझने तिच्याकडे पाहिलं. ओंडके आले त्या दिवसापासून पहिल्यांदाच असं सरळ पाहिलं असेल. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते नुसतं हात चुकलेल्या माणसाचं नव्हतं. उर्शुलाला तेव्हा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला तो बुंध्याचा ओंडका आठवला. तो अजून तसाच होता, न फोडलेला. बाकी सगळे संपले होते आणि नेमका जाड, उत्तम तो बाकी.

ती बाहेर गेली. ओंडका तिच्याने हलेना. तिने गोठ्यातली पहार आणली, खाली घातली आणि सगळं अंग टाकून रेटलं. रेझिका धावत आली, तिनेही हात लावला. ओंडका अर्धा फिरला.

सालीवर, छातीच्या उंचीवर आली असती अशा जागी, कुऱ्हाडीचे दोन घाव होते. तिरपे, एकमेकांकडे येणारे, पण मधली ढलपी काढलेली नव्हती. घाव उलट्या हाताचे होते. गावात कुऱ्हाड डाव्या हाताने एकच जण चालवायचा. लहानपणी त्याचा डावा हात बांधून ठेवायला पाद्रीबाबाने सांगितलं होतं आणि उर्शुलाने पाद्रीबाबाला घरातून वाटेला लावलं होतं.

रेझिकाने घावात बोट घातलं. राळ पाझरून घट्ट झाली होती, मधासारखी. ती तिथंच खाली बसली, ओल्या बर्फात.

ब्लाझ शेडच्या दारात येऊन उभा राहिला होता.

"तो म्हणाला, बाबा, मला हे बरं वाटत नाही, ढलपी काढून बघू," तो म्हणाला. "त्याने सुरुवात केली. मी म्हटलं, राहू दे. उजेड जातोय, चंद्र आजच्यापुरताच आहे. मी हात लावून पाहिलंय म्हटलं." मग म्हणाला, "तो हसला. म्हणाला, बरं, तुमचा हात."

गोठ्यात गाईने साखळी ओढली.

"आणि पिळाचं झाड पडताना फिरतं," उर्शुला म्हणाली.

"हो."

"वारा नव्हता."

"वारा होता. पण वाऱ्याने नाही."

उर्शुलाला वाटलं होतं की असं काही ऐकलं तर ती त्याच्या अंगावर धावून जाईल. हातात पहार होतीच. पण तिला फक्त दिसत राहिलं, इतके दिवस दार लावून, एकेक वाकडं कौल तासत बसलेला हा माणूस. काही करून ते लाकूड छपरावर चढावं, म्हणजे पोरगा निदान छपरासाठी गेला असं होईल. त्या पिळाच्या लाकडाने त्याला तेवढंही दिलं नव्हतं. पाडण्यासारखं झाडच नव्हतं ते. दोन घाव आणखी पडून ढलपी निघाली असती तर ते अजून उताराला उभं असतं आणि लोव्रो आत बसून करपलेल्या उकडीवरून तिला चिडवत असता.

तिने पहार भिंतीला टेकवली. रेझिकाला काखेत हात घालून उठवलं. "ऊठ, भिजशील."

दिवसभर शेडमधून आवाज आला नाही. दुपारी पोल्दे कुंपणाशी येऊन ओरडला, "काय रे ब्लाझ, मोगरी थंड पडली? म्हातारा झालास का?" मग त्याने खिडकीकडे बघून टोपी काढली आणि तो परत गेला. उर्शुलाने गाईंच्या गळ्यातल्या घंटा काढून पुसल्या. लोव्रोने दुरुस्त केलेला एक पट्टा होता, त्याची शिवण तिने बोटाने चाचपली. रेझिका पेटीपाशी बसून काहीतरी घडी घालत होती आणि परत उलगडत होती.

संध्याकाळी तिने नवी उकड केली. चरबीचे कुरकुरीत तुकडे वर घातले, आंबट दूध ओतलं. तिघंही बसले. लोव्रोच्या खुर्चीवर रेझिकाने सकाळचं ते डुगडुगतं कौल ठेवलं होतं, टाकायचं धैर्य न झाल्यासारखं. ब्लाझने प्रार्थना सुरू केली. शेवट उर्शुलाने केला.

मग तिने चमचा खाली ठेवला.

"रेझिका, तू भावाकडे जा. गिरणीत लाग. पेटी तुझी आहे, सगळी घेऊन जा, ते दोन्ही गोळेसुद्धा. इथं राहून मला म्हातारीला बघत बसू नकोस."

"आई, मग गाई..."

"गाई घेऊन उन्हाळ्यात मी जाणार." ती ब्लाझकडे वळली. "ते सगळं लाकूड, तासलेलं, न तासलेलं, बुंध्याकडचा ओंडकासुद्धा, वर न्यायचं. खोपीच्या चुलीत जळेल. छपरावर घालायचं नाही. जळून धूर तरी होईल."

ब्लाझने मान हलवली.

"छपरासाठी पोल्देकडे उद्या मी जाणार नाही. तू जाशील. लाकूड पिळाचं निघालं म्हणून सांगशील, आणि पोरगा ढलपी काढत होता तेही सांगशील. बर्फ गेला की बुंध्याशेजारी रोप लावशील." ती उठली आणि त्याची बशी परत भरली. "आणि उन्हाळ्यात तूही वर येशील. मी तिथं एकटी झोपणार नाही."